मागचा अ‍ॅक्सल मजबूत करणे

डोंगरवाटा, ओढे आणि चिखल तुडवणाऱ्या चारचाकीचा मागचा अ‍ॅक्सल मूळ बांधणीपेक्षा जास्त भार आणि पीळ सोसेल असा करून घेण्याचे काम. हाउसिंग (बाहेरचे कवच, म्हणजे मधला गोळा आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या), हाफ शाफ्ट (नळीतून चाकापर्यंत जाणारे दांडे), क्राऊन-पिनियन (इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी), बेअरिंग, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) हे सगळे त्यात येते. सातारा-सांगलीच्या गॅरेजांत ‘डिफ्रन्शिअलचं काम’ एवढ्या दोन शब्दांत ते उरकते.

या दोन जिल्ह्यांत जीप म्हटले की छंदाच्या आधी वडाप, म्हणजे माणसे भरून नेणारी खासगी वाहतूक, आठवते. टपावर पोती, मागे लटकलेली माणसे आणि पुढे घाट. अशा गाडीला मागे एखादा पाटा वाढवून घेण्याची रीत जुनी आहे. त्याने अ‍ॅक्सल मजबूत होतो, हा मात्र गैरसमज. पाटा वाढला की गाडी मागे बसत नाही, इतकेच. हाउसिंगच्या नळीवरचा आणि बेअरिंगवरचा भार कमी होत नाही, उलट पाटे ताठ झाल्याने खड्ड्याचा दणका त्यांना जास्त लागतो.

अ‍ॅक्सल तुटतो तो बहुधा वजनाने नव्हे, झटक्याने. कृष्णाकाठच्या काळ्या रानात रुतलेले चाक गरगर फिरत असते. तेच चाक एकाएकी मुरमाला किंवा दगडाला धरते आणि फिरत्या चाकाचा सगळा जोर क्षणात शाफ्टवर येतो. जत-आटपाडीच्या खडकाळ माळावर किंवा पाटण-जावळीकडच्या ओल्या, निसरड्या चढावर हेच घडते. टायर मोठे घातले असतील तर धोका आणखी वाढतो. २८ इंची टायरच्या जागी ३३ इंची बसवला, तर तेवढ्याच पकडीला शाफ्टवर येणारा पीळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. आधी टायर आणि मग कधीतरी अ‍ॅक्सल, हा सर्वांत प्रचलित क्रम आहे आणि सर्वांत महागही.

महिंद्राने १९४७ पासून विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या वंशातल्या जुन्या जीपांत मागचा हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने (खाचेत बसणाऱ्या पोलादी तुकड्याने) बसवलेला असे. त्याचा नट ढिला राहिला की चावी कातरते आणि शाफ्टचे टोक जाते. म्हणून अशा गाडीला टोकाशी अखंड फ्लॅन्ज (चाक बसवण्याची तबकडी) असलेला शाफ्ट घालणे हा पहिला उपाय मानतात. दुसरा, खर्चिक उपाय म्हणजे फुल-फ्लोटिंग रचना. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हाउसिंगवरच्या बेअरिंगांवर जाते आणि शाफ्टला फक्त पीळ उरतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते, ही तिची खरी किंमत.

शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्याच पोलादाचा शाफ्ट २५ ऐवजी ३० मिलिमीटरचा केला तर ती सुमारे ७३ टक्क्यांनी जास्त होते. पण जाडीइतकेच पोलाद महत्त्वाचे. ईएन-२४ हे निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमचे मिश्र पोलाद, योग्य उष्णोपचारानंतर, या कामाला उत्तम. ईएन-८ या साध्या कार्बन पोलादाचा रॉड नुसता कातून केलेला शाफ्ट मात्र कंपनीच्या इंडक्शन हार्डनिंग केलेल्या (विजेने तापवून पृष्ठभाग कडक केलेल्या) शाफ्टपुढे टिकत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. ओतकाम आणि लेथ या भागाला परके नाहीत. शाफ्ट कातून देणारा सापडतोच, उष्णोपचाराचे विचारायला गिऱ्हाईक विसरते.

साधा डिफ्रन्शिअल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो, त्यामुळे एक चाक चिखलात असले की दुसरेही दुबळे पडते. दोन्ही चाके एकत्र जखडणारा लॉकर घातला की ही अडचण सुटते. पण एक चाक अधांतरी असताना सगळा जोर दुसऱ्या बाजूच्या एकट्या शाफ्टवर येऊ शकतो. शाफ्ट जाड केला की मोडण्याची पाळी प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर किंवा क्राऊन-पिनियनवर येते. थोडक्यात, कमकुवत कडी नाहीशी होत नाही, सरकते. ती कुठे ठेवायची हे आधी ठरवावे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती शाफ्टवरच असलेली बरी: तो रानातही बदलता येतो, एक जादा बरोबर ठेवता येतो. क्राऊन-पिनियनचे तसे नाही. त्याला डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजून, शिम (पातळ चकत्या) घालून-काढून, दातांवर रंग लावून ठसा पाहावा लागतो.

मोठ्या टायरसाठी रेशो (क्राऊनच्या एका फेरीला पिनियनच्या किती फेऱ्या, ते प्रमाण) बदलताना जुन्या जीपचे ४३ आणि ८ दातांचे, म्हणजे ५.३८ चे क्राऊन-पिनियन मोहात पाडते. जोर वाढतो हे खरे. पण त्याच मापाच्या क्राऊनला रेशो जितका जास्त, पिनियन तितकी बारीक. शिवाय फोर बाय फोर गाडीत पुढचा रेशोही तोच हवा, नाहीतर पुढे-मागे जोर वाटणारी ट्रान्स्फर केस स्वतःशीच झुंजते.

हाउसिंगला वरून कमानीसारखी पट्टी वेल्ड करतात, तिला ट्रस म्हणतात. सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने नळी वाकते आणि नवा शाफ्टही बेअरिंग खातो. टाके सोडत, गार होऊ देत काम करावे. मधला गोळा बिडाचा असेल तर तो आधी तापवून निकेलचा रॉड वापरावा लागतो. पाट्यांवरच्या अ‍ॅक्सलचे नाक, म्हणजे पिनियनची बाजू, जोर येताच वर उचलले जाते. त्याला आवर घालणारी आडकाठी ट्रसपेक्षा स्वस्त पडते, तरी तिची आठवण उशिरा होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल रस्त्यावर चालत नाही. मजबूत अ‍ॅक्सल म्हणजे कास पठारावर गाडी घालण्याचा परवानाही नव्हे.

पावसाळ्यात तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर होण्याचे छिद्र) किंवा ऑइल सीलमधून पाणी ओढले जाते. म्हणून ब्रीदरची नळी वर चेसिसपर्यंत नेतात. पाण्यातून आल्यावर ड्रेन बोल्ट ढिला करून पाहावे. ऑइल दुधाळ निघाले तर ते त्याच दिवशी बदलावे.