परदेशातला तुमचा माणूस: एजंट की वितरक?

छोटे उद्योजक 'परदेशात आपला माणूस नेमला' असं सांगतात, तेव्हा मी आधी एकच विचारतो: तिकडच्या ग्राहकाला बिल कोणाच्या नावाने जातं? तो माणूस एजंट आहे की वितरक, हे तिथेच कळतं. करारावर मथळा काहीही असो, वाद झाला की व्यवहार प्रत्यक्षात कसा चालला होता तेच पाहिलं जातं.

वितरक तुमचा माल विकत घेतो आणि स्वतःच्या नावाने विकतो. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर फटका त्याला. त्यामुळे विक्रीची किंमतही तोच ठरवतो. युरोपीय संघात त्याच्यावर किमान किंमत लादली तर स्पर्धा कायदा आड येतो.

एजंट माल घेत नाही, ऑर्डर आणतो आणि कमिशन घेतो. विक्री तुमची, बुडीत उधारीही बहुधा तुमचीच. त्याच्या शब्दाने तुम्ही बांधले जाऊ शकता, म्हणून खरी काळजी इथे घ्यायची. 'आमच्या वतीने सर्व व्यवहार करण्याचा अधिकार' असं कृपा करून लिहून देऊ नका. असं लिहा: 'ऑर्डर आमच्याकडे पाठवावी. आमच्या लेखी मंजुरीशिवाय करारावर सही करू नये, सवलत कबूल करू नये, पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नयेत.' शिवाय कोणता माल, कोणता प्रदेश आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही त्यात हवं. या मर्यादा ग्राहकालाही कळवा. तुम्ही गप्प राहिलात आणि एजंट सर्वाधिकारी असल्यासारखा वागत राहिला, तर त्याने दिलेला शब्द अनेक देशांत तुमच्यावरच येतो. तो तुमच्या वतीने नेहमी करार करू लागला, तर त्या देशात तुमच्यावर आयकरही लागू शकतो.

तिथल्या सरकारी कामासाठी नोटरी केलेलं मुखत्यारपत्र मागतात. दोन्ही देश 1961 च्या हेग करारात असतील तर त्यावर बहुधा अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं आपल्या सरकारचं प्रमाणपत्र, पुरतं. पण मुखत्यारपत्र त्या एका कामापुरतंच द्या.

नातं तोडताना फरक आणखी जाणवतो. युरोपीय संघाच्या 1986 च्या निर्देशानुसार मालाच्या विक्रीसाठी नेमलेल्या स्वतंत्र एजंटला पहिल्या वर्षात एक, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यापासून किमान तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्याचा काही दोष नसताना करार मोडला तर बहुधा भरपाईही द्यावी लागते. करारात बाहेरच्या देशाचा कायदा लिहून ही भरपाई टळत नाही: कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीने तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनमधल्या एजंटशी करार करताना आपल्या राज्याचा कायदा निवडला होता, तरी भरपाईचे नियम लागूच होतात, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 2000 साली दिला. हा निर्देश वितरकाला लागू नाही, मात्र काही देशांत त्यालाही वेगळं संरक्षण आहे. बेल्जियम हे त्याचं ठळक उदाहरण.

ट्रेडमार्कचा अर्ज मात्र दोन्ही बाबतींत नेमणुकीआधी आणि स्वतःच्याच नावाने करा. प्रतिनिधीने परस्पर नोंदवलेला मार्क रद्द करून घेण्याचा हक्क औद्योगिक मालमत्तेविषयीचा पॅरिस करार देतो, पण त्यासाठी परक्या देशात वकील लावून भांडावं लागतं.