दशावतारातलं उतरणं वेगळं, उत्क्रांतीतलं वेगळं

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तो मेसेज फिरून येतोच. मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, कूर्म पाण्यात आणि जमिनीवरही, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा प्राणी अर्धा माणूस, वामन म्हणजे बुटका आदिमानव, परशुराम कुऱ्हाड वापरणारा, मग राम, मग कृष्ण, आणि शेवटी ठरलेली ओळ की डार्विनने १८५९ ला सांगितलं ते आपल्याकडे आधीच होतं. पाठवणारे काका मनापासून पाठवतात, म्हणून त्यांच्याशी भांडवत नाही, पण वाईट वाटतं, कारण यात दशावतारही हातचा जातो आणि उत्क्रांती तर कळतच नाही.

दशावतार काय ते तुम्हाला सांगायला नको. ज्याने कोकणातल्या जत्रेत रात्रभर बसून धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, पाहिलाय, त्याला संकासूर वेद पळवतो आणि विष्णू येऊन त्याला मारतो इथपासून सगळं तोंडपाठ असतं.

मेसेजमधल्या बारीकसारीक चुकांवर मी वेळ घालवणार नाही. कासव सरपटणाऱ्यांच्या गटातलं आहे, बेडकासारखं उभयचर नाही. परशुराम आणि राम तर समोरासमोर भेटतात, मग एक दुसऱ्याच्या आधीचा टप्पा कसा होईल. भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतारांची यादी आहे, तिच्यात वराह दुसरा आणि मत्स्य दहावा येतो. आपल्याकडच्या काही जुन्या पंचांगांत बुद्धाच्या जागी नववा म्हणून विठ्ठल उभा असतो. आणि ही जुळवाजुळव काही पुराणकाळची नाही, थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ ला आणि ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी १८८२ ला ती मांडली, म्हणजे डार्विनचं पुस्तक येऊन गेल्यावर. एवढं पुरे.

खरा घोळ आहे तो 'उतरणं' या एका गोष्टीत. अवतार म्हणजे खाली उतरणं. आणि गंमत बघा, डार्विनच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्द नाही, तो म्हणायचा 'डिसेंट विथ मॉडिफिकेशन', म्हणजे थोडं थोडं बदलत वंशात उतरत जाणं. आपण बाळाला बघून म्हणतो ना, नाक अगदी आजीचं उतरलंय, ते उतरणं. मराठीत आपण त्याला उत्क्रांती म्हणायला लागलो, आणि त्यातला 'उत्' म्हणजे वर, त्यामुळे शब्द ऐकल्याबरोबर डोक्यात शिडी उभी राहते आणि वरच्या पायरीवर आपण.

अवतारात विष्णू एकच आहे. तो ठरवून येतो, काहीतरी कामासाठी येतो, गीतेच्या चौथ्या अध्यायात ते काम काय तेही सांगितलंय, आणि काम झालं की जातो. मत्स्याच्या पोटी कूर्म जन्मत नाही, कूर्माचा नातू वराह नाही, त्यांच्यात रक्ताचं नातंच नाही. उत्क्रांतीत बरोबर उलटं आहे, तिथे नुसतं रक्ताचं नातं आहे आणि ठरवणारं कोणी नाही.

हे 'ठरवणारं कोणी नाही' लोकांच्या गळी उतरत नाही. विदर्भात कापूसवाल्या कोणालाही विचारा, तो सांगेल अळीला बीटीची सवय झाली. हा 'सवय झाली' शब्द मला फार खटकतो. एकाही अळीला सवय झालेली नाही. बीटी कापसाच्या झाडातच जे विष तयार होतं ते खाऊन गुलाबी बोंडअळी मरायची, पण लाखोंमध्ये चार-दोन अळ्या अशा निघतात की जन्मतःच त्यांच्यावर ते विष नीट चालत नाही, त्यांनी काही तयारी केलेली नसते, जनुकात कुठेतरी फरक असतो एवढंच. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचेच पतंग झाले, यांचीच अंडी पुढच्या बोंडांवर पडली, आणि असं हंगामामागून हंगाम. २००२ ला बीटी कापूस आला, २००६ ला विषाची दोन जनुकं असलेलं बोलगार्ड-२ बियाणं आलं, आणि २०१७ ला बाहेरून टवटवीत दिसणारं बोंड फोडलं की आत सरकीला लागलेली गुलाबी अळी. ४५० ग्रॅमच्या बियाण्याबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट यायचं ते यासाठीच, की कडेच्या त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन चिवट अळ्यांचा चिवटपणा पातळ होत राहावा. बऱ्याच जणांनी ते पाकीट लावलंच नाही. तर अळी बदलली नाही, अळ्यांची पिढी बदलली, आणि कोणाच्या इच्छेने नाही. एवढं ज्याला कळलं त्याला उत्क्रांती कळली असं मी समजतो.

शिडी तर नाहीच. शिडी असती तर पाण्यातून जमिनीवर आलेला जीव परत पाण्यात कशाला गेला असता? देवमासा गेला. आपण त्याला मासा म्हणतो, पण तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. देवमाशांच्या पूर्वजांचा जवळचा नातलग इंडोह्यूस, मांजराएवढा, चार पायांचा, सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याची हाडं मिळाली ती आपल्याच जम्मूकडच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटच्या खडकांत. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एक केंद्रीय राज्यमंत्री म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही, आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना त्यावर पत्रक काढावं लागलं. अहो, आजची माकडं आपली चुलत भावंडं आहेत, चुलतभावाच्या पोटी कोणी जन्माला येतं का?

मग देव मानायचा की नाही? मी मानतो. युरोप-अमेरिकेत भांडण बरंचसं बायबल म्हणतं तसं सहा दिवसांत जग झालं की नाही यावर होतं, आणि तिथेही पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ ला उत्क्रांती ही नुसती अटकळ नाही असं मान्य केलं. आपल्याकडे कल्पच ४३२ कोटी वर्षांचा, त्यामुळे वयावरून भांडायची वेळ येत नाही (कृपा करून हाही आकडा पृथ्वीच्या वयाशी जुळवत बसू नका). खरी अडचण वेगळी आहे. १८६० मध्ये डार्विनने एसा ग्रे या श्रद्धाळू वनस्पतीशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, की जिवंत अळीला आतून खाणाऱ्या माशा दयाळू देवाने मुद्दाम निर्माण केल्या हे माझ्या मनाला पटत नाही. ग्रे श्रद्धा सोडून गेला नाही आणि उत्क्रांतीही सोडली नाही, पण प्रश्न तसाच खरा राहतो आणि श्रद्धा असलेल्या माणसाने तो टाळू नये असं मला वाटतं.

आपल्याकडे त्याच जातकुळीची कुंभारीण आहे, भिंतीला मातीचं घरटं करणारी माशी. प्रवचनात ऐकलं असेल, ती अळी आणून मातीच्या घरट्यात कोंडते आणि अळी तिचाच ध्यास घेऊन शेवटी कुंभारीण होते, तसा भक्त देवाचा ध्यास घेऊन देव होतो. लहानपणी मी खिडकीच्या कोपऱ्यातलं एक घरटं खिळ्याने फोडलं. आत पाच-सहा हिरव्या अळ्या, लुळ्या पडलेल्या पण जिवंत, आणि त्यांच्यात तोंड खुपसून बसलेलं एक पांढरट पिल्लू. कुंभारणीचं. अळी कुंभारीण होत नाही, ती तिच्या पिल्लाचं खाणं असते. पण ध्यासाने माणूस बदलतो हे तेवढ्याने खोटं पडत नाही, कारण ते सांगणं अळीबद्दल नव्हतंच. दशावताराचंही तसंच आहे, त्याला जीवशास्त्राचं सर्टिफिकेट लागत नाही.

मी ते घरटं आजीला नेऊन दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आईने लेकरासाठी ताट वाढून ठेवलंय की रे." मग माती परत कोपऱ्यात नेऊन ठेवायला लावली, आणि दिवेलागणीला रोजच्यासारखी हरिपाठाला बसली.