कर्नलच्या मेमरीत साठणारी सुरक्षा-नोंदवही

लिनक्स कर्नलमधील (म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील) आयएमए ही फाइलींची अखंडता तपासणारी यंत्रणा (2009, आवृत्ती 2.6.30 पासून) धोरणात, म्हणजे कोणत्या फाइली तपासायच्या त्या नियमांत, बसणारी प्रत्येक फाइल चालण्याआधी किंवा उघडण्याआधी तिचा हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढते आणि त्याची ओळ मेमरीतल्या यादीत लिहिते. त्याच वेळी ती नोंद टीपीएम या वेगळ्या सुरक्षा-चिपच्या पीसीआर 10 या खणात मिसळते: जुनी किंमत आणि नोंदीचा हॅश जोडून त्यांचा पुन्हा हॅश. दूरवरचा पडताळक, म्हणजे या मशीनची खातरजमा करणारा दुसरा संगणक, सगळी यादी पहिल्या ओळीपासून लावून पाहतो. शेवट पीसीआरशी जुळला, तर यादी खरी.

मूळ रचनेत ही यादी रीबूटपर्यंत फक्त वाढते. न बदललेली फाइल पुन्हा नोंदवली जात नाही, पण नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयातल्या लॅबचा सर्व्हर डोळ्यांसमोर आणा. लूपमधला एक आकडा बदलून विद्यार्थ्याने प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून चालवला की हॅश वेगळा, म्हणजे नवी ओळ. अशी पोरे साठ, आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर महिनोन्‌महिने चालू. कर्नलची मेमरी स्वॅपमध्येही (मेमरी कमी पडल्यावर डिस्कवर वापरायच्या जागेत) जात नाही, म्हणून ही यादी मेमरी अडवतच राहते.

पहिला उपाय धोरणाचा. सतत बदलणाऱ्या लॉग फाइली मोजणीतून, म्हणजे हॅश काढून नोंदवण्यातून, वगळाव्यात. चालणाऱ्या फाइली वगळणे मात्र चूकच. त्यांच्यासाठीच ही यंत्रणा आहे.

दुसरा उपाय छाटणीचा, आणि खरी कसोटी इथे आहे. लातूरच्या आडतीत रोजमेळाचे पान भरले की ‘मागील पानावरून’ लिहून बेरीज पुढे ओढतात, पण जुने पान फाडत नाहीत. इथेही जुन्या ओळी त्याच क्रमाने डिस्कवर उतरवायच्या, किती ओळी काढल्या तो आकडा जपायचा आणि मगच कर्नलला तेवढ्या सोडायला सांगायचे. उतरवणे आणि सोडणे यांच्या मध्ये आलेली नवी ओळ हरवता कामा नये. डिस्कवरच्या प्रतीत कोणी खाडाखोड केली तरी बेरीज पीसीआरशी जुळणार नाही, म्हणून ती प्रत कर्नलबाहेर ठेवायला हरकत नाही.

वीज जाऊन मशीन बंद पडले, तर पीसीआर आणि यादी दोन्ही नव्याने सुरू होतात. जुनी प्रत नव्या यादीला जोडू नये. केएक्झेकने, म्हणजे मशीन बंद न करता थेट नवा कर्नल सुरू करण्याच्या सोयीने, कर्नल बदलला, तर पीसीआर तसाच राहतो. तेव्हा मेमरीतली यादी नव्या कर्नलकडे सोपवावी लागते, आणि छाटलेली प्रत तिच्याआधी लावावीच लागते.