प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काय, हे विचारायला इतकी वर्षं का लागली

प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आज युरॉलॉजिस्ट बऱ्यापैकी लांब यादी सांगतात. केगल म्हणजे लघवी अडवणारे स्नायू आवळायचा व्यायाम करा, गळते तोवर पॅड वापरा, इरेक्शनसाठी गोळी सुरू करू, नाहीच जमलं तर इंजेक्शन आहे, व्हॅक्यूम पंप आहे, अगदी शेवटी इम्प्लांट आहे. यादी ऐकली की वाटतं कुणीतरी नीट बसून या पेशंटसाठी हे सगळं आखलंय. तसं काहीही नाहीये. यातल्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्याच कुणासाठी निघाल्या होत्या, बाळंत झालेल्या बायकांसाठी, छातीत दुखणाऱ्यांसाठी, आणि फिरत फिरत त्या इकडे आल्या, कारण पेशंट जगला ना मग बाकीचं काय बोलायचं, असंच डॉक्टरांना आणि खरं तर पेशंटलाही खूप वर्षं वाटत होतं.

आधी थोडं शरीराचं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रोस्टेट मूत्राशयाच्या बरोबर खाली असतं आणि लघवीची नळी त्याच्या मधून जाते. लघवी अडवून धरणारे स्नायू दोन ठिकाणी, एक मूत्राशयाच्या तोंडाशी आणि एक प्रोस्टेटच्या खाली. पूर्ण प्रोस्टेट काढलं की वरची अडवणूक बहुतेक जाते आणि सगळा भार खालच्या एकट्या स्नायूवर येतो, म्हणून खोकलं, शिंकलं, खुर्चीतून उठलं की थेंब थेंब लघवी जाते. इरेक्शनच्या नसा प्रोस्टेटला अगदी चिकटून दोन्ही बाजूंनी जातात आणि त्या इतक्या बारीक असतात की नुसतं ओढलं तरी वर्ष दीड वर्ष बंद पडू शकतात. वीर्य मात्र कायमचंच थांबतं, कारण ते बनवणारा बराचसा भागच काढलेला असतो, ऑर्गॅझम येऊ शकतो पण कोरडा, आणि हे ऑपरेशनच्या आधी सांगितलं नाही तर माणूस नंतर घाबरतो. रेडिएशनचं उलटं, तिथे सुरुवातीला सगळं बरं वाटतं आणि इरेक्शनचा त्रास हळूहळू, कधी दोन तीन वर्षांनी जाणवायला लागतो.

तर सुरुवात १९०४ ची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्प्टन यंग यांनी एप्रिलमध्ये कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट काढायचं ऑपरेशन केलं, मदतीला त्या काळातले नावाजलेले सर्जन विल्यम हॉल्स्टेड होते. पुढे १९४० च्या दशकात लंडनमध्ये काम करणाऱ्या आयरिश सर्जन टेरेन्स मिलिन यांनी पोटाच्या खालच्या बाजूने प्रोस्टेटपर्यंत जायची वाट दाखवली. पण रक्तस्राव इतका व्हायचा की सर्जनला खाली नीट दिसायचंच नाही, जवळजवळ अंदाजाने काम. बहुतेक सगळ्यांचं इरेक्शन कायमचं जायचं आणि बऱ्याच जणांची लघवी गळायची. गंमत म्हणजे हे का होतं ते कुणी शोधलं नाही कारण सगळ्यांना वाटायचं माहितीच आहे, नसा प्रोस्टेटच्या आतूनच जातात, प्रोस्टेट काढलं की त्या जाणारच, विषय संपला. एवढी मोठी समजूत कुणी तपासून न बघता सत्तरेक वर्षं चालली हे मला तरी या सगळ्यातलं सगळ्यात धक्कादायक वाटतं.

ती तपासली गेली ती एका पेशंटमुळे. हॉपकिन्सचेच पॅट्रिक वॉल्श १९७० च्या दशकात आधी रक्तस्रावाच्या मागे लागले, प्रोस्टेटच्या वर शिरांचं जे जाळं असतं ते कसं बांधायचं ते त्यांनी शोधलं आणि पहिल्यांदा सर्जनला खालचं स्पष्ट दिसायला लागलं. मग १९७७ मध्ये त्यांचा एक पेशंट तीन महिन्यांनी तपासायला आला आणि म्हणाला माझं सगळं पूर्वीसारखं चालू आहे. आता नसा आतून जात असतील तर हे शक्यच नव्हतं. वॉल्श यांच्या डोक्यात ते राहिलं, पण मोठ्यांच्या मृतदेहात त्या नसा सापडेनात कारण तिथे सगळं दबलेलं आणि फॉर्मॅलिनने बिघडलेलं असतं. फेब्रुवारी १९८१ मध्ये ते नेदरलँड्सच्या लायडनला गेले, तिथे पीटर डोंकर नावाचे निवृत्त युरॉलॉजी प्रोफेसर मृत जन्मलेल्या बाळाच्या शरीरात मूत्राशयाच्या नसा शोधत बसलेले, कारण बाळात त्या स्पष्ट दिसतात. वॉल्शनी विचारलं, इरेक्शनच्या नसा कुठून जातात? डोंकर म्हणाले, मी कधी बघितलंच नाही. दोघं बसले आणि काही तासांत दिसलं की नसा प्रोस्टेटच्या बाहेरून जातात. म्हणजे त्या वाचवता येतात.

२६ एप्रिल १९८२ ला वॉल्श यांनी नसा जाणूनबुजून वाचवून पहिलं ऑपरेशन केलं, पेशंट ५२ वर्षांचे मानसशास्त्राचे प्रोफेसर होते. आज डॉक्टर नर्व्ह स्पेअरिंग म्हणतात ते हेच. मात्र नसा वाचवल्या म्हणजे इरेक्शन परत येणारच असं नाही, वय, डायबेटिस, ऑपरेशनच्या आधी कसं होतं, आणि कॅन्सर नसांच्या किती जवळ आहे यावर ते ठरतं, जवळ असेल तर सर्जननी नस वाचवायच्या नादाला लागूच नये.

लघवीचा धागा वेगळा आहे. केगल व्यायाम अमेरिकेतल्या आर्नल्ड केगल या गायनॅकॉलॉजिस्टचा, त्यांनी १९४८ मध्ये तो मांडला तो बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी. पुरुषांपर्यंत तो यायला दशकं गेली. आपल्याकडे योगवाले मूलबंध आणि अश्विनी मुद्रा शिकवतात त्यातही साधारण याच भागातले स्नायू आवळले जातात, त्यामुळे ज्याला ते येतं त्याला केगल पटकन जमतो. खरंच फायदा होतो का यावर मात्र पुरावा सरळ नाही. २००० साली बेल्जियमच्या ल्यूवेनमधल्या अभ्यासात तीन महिन्यांनी व्यायाम शिकवलेल्यांपैकी ८८ टक्के कोरडे होते आणि न शिकवलेल्यांपैकी ५६ टक्के. मग २०११ मध्ये ब्रिटनमधली मोठी ट्रायल आली, तिच्यात फिजिओथेरपिस्टने समोर बसवून शिकवलेल्यांत आणि नेहमीचीच काळजी मिळालेल्यांत वर्षानंतर काही फरकच नाही, दोन्हीकडे शंभरातले ७६-७७ जण थोडेफार ओले होतेच. आता दुसऱ्या गटातलेही बरेच जण घरी आपापले व्यायाम करत होते, त्यामुळे व्यायाम निरुपयोगी असा अर्थ मी तरी काढणार नाही, व्यायामाने लवकर कोरडं व्हायला मदत होत असावी पण ज्याचा स्नायूच जखमी आहे त्याला तो किती पुरणार.

अशांसाठी ह्यूस्टनचे एफ. ब्रँटली स्कॉट. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७२ मध्ये कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी अडवणाऱ्या स्नायूचं काम करणारं यंत्र, बसवला. १९८० च्या दशकात आलेलं त्याचं एएमएस ८०० हे मॉडेल आजही चालतं, लघवीच्या नळीभोवती पाण्याने भरलेला पट्टा, पोटात फुगा, अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप. लघवी करायची तेव्हा पंप दाबायचा, पट्टा सैल होतो, काही मिनिटांत आपोआप परत आवळतो. एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायची, हा बसवलेल्या माणसाला इमर्जन्सीत कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची रबरी नळी, घालायची वेळ आली तर आधी पट्टा सैल करून यंत्र बंद करावं लागतं नाहीतर लघवीच्या नळीला इजा होते, म्हणून तसं कार्ड खिशात असलेलं बरं. भारतात याची किंमत काही लाखांत जाते आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. गळती कमी असेल तर स्लिंग म्हणून पट्टी बसवतात, ती २००० नंतर रुळली.

इरेक्शनच्या उपायांचा इतिहास म्हणजे वेगळीच मजा आहे. हवा ओढून लिंगात रक्त आणणारा व्हॅक्यूम पंप वापरात आणला तो डॉक्टरने नाही, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या गेडिंग्ज ऑस्बन नावाच्या टायरच्या धंद्यातल्या माणसाने, १९६० च्या दशकात, स्वतःसाठी. १९८२ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, विकायला परवानगी दिली. त्याच वर्षी फ्रान्सचे रोनाल्ड विराग यांनी दाखवलं की पापाव्हरिन नावाच्या औषधाचं इंजेक्शन लिंगात दिलं की इरेक्शन येतं. आणि १९८३ मध्ये लास व्हेगासला युरॉलॉजिस्टांच्या वार्षिक सभेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली भाषणाला ट्रॅकसूट घालून आले, स्लाइड दाखवल्या, मग म्हणाले की मी हॉटेलच्या रूममध्ये स्वतःलाच इंजेक्शन घेऊन आलोय, आणि भर सभेत पँट खाली केली. समोर डॉक्टरांच्या बायकाही नटून थटून बसलेल्या, पुरावा जवळून बघा म्हणून साहेब खाली उतरून पुढच्या रांगेकडे निघाले तेव्हा किंकाळ्या पडल्या. हसायला येतं, पण हा माणूस फालतू नव्हता, कमरेखाली लुळ्या पडलेल्या लोकांना मूत्राशयावर कंट्रोल देणारं नसांचं यंत्र त्यानेच केलेलं. आणि त्या संध्याकाळी जी गोष्ट सिद्ध झाली ती प्रोस्टेटवाल्यांच्या फार कामाची होती, इंजेक्शन थेट रक्तवाहिन्यांवर काम करतं, त्याला नस शाबूत असावी लागत नाही.

गोळीला लागते. सिल्डेनाफिल हे व्हायग्रातलं औषध फायझर कंपनीने इंग्लंडमध्ये अंजायनासाठी, म्हणजे हृदयाच्या त्रासाने छातीत दुखतं त्यासाठी बनवलेलं, छातीवर फार उपयोग झाला नाही पण ट्रायलमधल्या पुरुषांनी भलताच परिणाम सांगितला, आणि मार्च १९९८ मध्ये व्हायग्रा आली. नसेतून निघणाऱ्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम ती टिकवते, म्हणून नस कापलीच असेल तर गोळी कितीही खा, फारसं काही होत नाही, आणि लोक उगाच समजतात आपल्यातच खोट आहे. भारतात तेव्हा औषधाच्या मूळ पदार्थावर पेटंट नव्हतं त्यामुळे २००१ मध्येच कॅव्हर्टा, पेनेग्रा असे देशी ब्रँड आले आणि फायझरची मूळ गोळी इथे २००५ च्या शेवटी पोचली, तोवर मार्केट गेलेलं. स्वस्त मिळते म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका हे मात्र सांगायलाच हवं, सॉर्बिट्रेटसारखी हृदयाच्या त्रासावरची नायट्रेटची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी जीवघेणं खाली जाऊ शकतं.

ऑपरेशननंतर लगेच उपचार सुरू करायचे ही कल्पना इटलीतल्या मिलानचे युरॉलॉजिस्ट मोंतोर्सी यांची, १९९७. फक्त ३० पेशंट, अर्ध्यांना आठवड्यातून तीनदा इंजेक्शन, त्यांच्यात ६७ टक्क्यांचं इरेक्शन परत आलं आणि बाकीच्यांत २० टक्के. एवढ्याशा अभ्यासावर जगभर पेनाइल रिहॅबिलिटेशन, म्हणजे इरेक्शन परत आणायला लगेच उपचार देणं, सुरू झालं, आणि २००८ मध्ये त्याच मोंतोर्सींच्या मोठ्या ट्रायलमध्ये रोज रात्री गोळी घेणं आणि गरजेपुरती घेणं यात शेवटी फरक निघाला नाही. तरी रोजची गोळी लिहून देणारे आहेतच.

हे सगळं होत असताना साधा प्रश्न राहिलाच होता, किती लोकांना त्रास होतो? सर्जनचे स्वतःचे आकडे छान असायचे, कारण समोर बसलेल्या सर्जनला पेशंट काय सांगणार. प्रोस्टेट कॅन्सरची शंका दाखवणारी पीएसए ही रक्ताची टेस्ट आल्यावर अमेरिकेत ऑपरेशनं धडाधड वाढली. मग १९९३ मध्ये मेडिकेअर या तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यावरच्या पेशंटना थेट विचारलेला सर्व्हे छापून आला, १९८८ ते १९९० मध्ये ऑपरेशन झालेले लोक, त्यातले ३० टक्क्यांहून जास्त पॅड किंवा लघवी अडवायचा चिमटा वापरत होते आणि साधारण ६० टक्क्यांना ऑपरेशननंतर अर्धवटसुद्धा इरेक्शन आलेलं नव्हतं. त्यानंतर पेशंटने स्वतः भरायच्या प्रश्नावल्या रुळल्या. बोलायची लाजही हळूहळू मोडली, १९९१ मध्ये ऑपरेशन झालेले अमेरिकेचे सिनेटर बॉब डोल पुढे टीव्हीवर याबद्दल उघड बोलले, व्हायग्राच्या ट्रायलमध्ये होतो म्हणाले. आपल्याकडे एखाद्या बड्या राजकारण्याने असं बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

प्रश्नावल्यांचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे ब्रिटनची प्रोटेक्ट ट्रायल. १६४३ पुरुष, ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख. सहा महिन्यांनी पॅड लागणारे ऑपरेशनवाल्यांत ४६ टक्के, सहा वर्षांनी १७. संबंधाला पुरेसं इरेक्शन सुरुवातीला ६७ टक्क्यांना होतं, ते सहा महिन्यांनी देखरेखवाल्यांत ५२, रेडिएशनवाल्यांत २२ (त्यांना सोबत काही महिने टेस्टोस्टेरॉन बंद करणारं औषधही होतं, म्हणून इतक्या लवकर घसरण), ऑपरेशनवाल्यांत १२. आणि १५ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत तीनेक टक्केच. हे लवकर सापडलेल्या कॅन्सरचं आहे, सगळ्यांना लागू नाही, पण रिस्क कमी असेल तर आधी नुसतं लक्ष ठेवू असं डॉक्टर म्हणतात त्यामागे हे आकडे आहेत. रोबोटने करायच्या ऑपरेशनचं थोडक्यात सांगतो, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ट्रायलमध्ये दोन वर्षांनी लघवी आणि सेक्स या दोन्हीत रोबोट आणि उघडं ऑपरेशन जवळपास सारखंच निघालं, त्यामुळे मशीन कुठलं यापेक्षा सर्जनचा हात किती वळलाय ते विचारा.

इम्प्लांटमध्ये मुंबईचं नाव येतं. पाण्याने फुगणारं लिंगाचं इम्प्लांट स्कॉट यांच्याच टीमने १९७३ मध्ये आणलं, पण ते इथे फार महाग, म्हणून मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पुरुषांच्या लैंगिक तक्रारींचे डॉक्टर, डॉ. रुपिन शाह यांनी न फुगणारं, वाकवता येणारं स्वस्त इम्प्लांट बनवलं, ते शाह प्रोस्थेसिस म्हणून ओळखलं जातं.

पण भारतातले खूप पेशंट या यादीपर्यंत येतच नाहीत. कॅन्सर हाडात गेल्यावर कळतो, मग उपचार म्हणजे टेस्टोस्टेरॉन बंद करणं. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की वृषणं काढली किंवा इस्ट्रोजेन दिलं की हा कॅन्सर आक्रसतो, त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. इथे त्रास नुसता इरेक्शनचा नसतो, इच्छाच जाते, अंगातून गरम वाफा येतात, स्नायू आणि हाडं झिजतात, मूड उतरतो. गोळीने इच्छा येत नाही. जोर लावून करायच्या व्यायामाने स्नायू आणि थकव्याला मदत होते, बाकी फार काही हाताशी नाही. एक वाट म्हणजे टेस्टोस्टेरॉन बंद करणारी इंजेक्शनं मधूनमधून थांबवणं. रेडिएशननंतर पीएसए वाढलेल्या १३८६ लोकांच्या २०१२ च्या ट्रायलमध्ये सलग घेणाऱ्यांतले निम्मे ९.१ वर्षांहून जास्त जगले आणि थांबून थांबून घेणाऱ्यांतले निम्मे ८.८ हून जास्त, आणि दुसऱ्या गटात इच्छा, इरेक्शन थोडं बरं राहिलं. हाडात पसरलेल्यांसाठी ही सूट तितकी सुरक्षित ठरलेली नाही. आणि दर काही महिन्यांचं इंजेक्शन परवडत नाही म्हणून एकदाच वृषणं काढून घेतलेल्यांसाठी तर ती नाहीच.