तोंडी गोष्ट

तोंडी गोष्ट म्हणजे मध्ये कागद, पुस्तक, स्क्रीन काहीही न ठेवता एका माणसाने दुसऱ्याला किंवा समोर जमलेल्या चार जणांना बोलून सांगितलेली गोष्ट. मौखिक कथा, कथाकथन असे भारदस्त शब्द आहेत त्याला, पण रोजच्या बोलण्यात आपण फक्त "गोष्ट सांग ना" म्हणतो आणि त्या 'ना'मध्येच अर्धी व्याख्या आली असं मला वाटतं, कारण ही गोष्ट कोणीतरी मागावी लागते, ऐकावी लागते. पुस्तक कपाटात बंद असलं तरी पुस्तकच असतं. तोंडी गोष्ट ऐकायला कोणी नसेल तेव्हा ती नसतेच, सांगणाऱ्याच्या डोक्यात फक्त तिचा सांगाडा असतो.

लिहिण्याची कला साधारण पाच हजार वर्षांपूर्वीची, बोलणं त्याहून कितीतरी जुनं, म्हणजे माणसाच्या एकूण आयुष्यातला फार मोठा काळ गोष्ट फक्त तोंडीच होती. त्यानंतर लिपी आली, छापखाना आला, रेडिओ, सिनेमा, मोबाईल आले आणि दर वेळी वाटलं की आता तोंडी गोष्ट संपली, पण ती काही संपली नाही. हे का, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे. याचं उत्तर मला तरी गोष्टीत कमी आणि ऐकणाऱ्यात जास्त दिसतं.

रात्रीचं बोलणं

पॉली वीसनर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बोट्स्वाना आणि नामिबियातल्या जू-होआन्सी या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांच्या गप्पांचा अभ्यास केला, नोंदी १९७० च्या दशकातल्या आणि निबंध छापून आला २०१४ मध्ये. दिवसा लोक काय बोलतात तर कामाचं, पोटापाण्याचं, आणि एकमेकांबद्दलच्या तक्रारी, टीका, कुचाळक्या, गोष्टी जेमतेम ६ टक्के. तीच माणसं रात्री शेकोटीभोवती बसली की ८१ टक्के बोलणं गोष्टींचं! माणसं तीच, भाषा तीच, पण अंधार पडला, हातातलं काम संपलं, चेहरे फक्त जाळाच्या उजेडात दिसायला लागले की दिवसभराची भांडणं बाजूला राहतात आणि कोणीतरी लांब राहणाऱ्या नातेवाइकांचं, जुन्या लग्नाचं, शिकारीत फजिती झाल्याचं सांगायला लागतं. मला हा आकडा फार आवडतो कारण गोष्टीला वेळ लागतो, निवांतपणा लागतो, आणि तो मिळाला की माणूस आपसूक तिकडेच वळतो हे त्यातून स्वच्छ दिसतं.

फिलिपिन्समधल्या आग्ता लोकांमध्ये झालेला एक अभ्यास (२०१७) पण असाच आहे. तिथे लोकांना विचारलं की तुम्हाला कोणाच्या सोबत राहायला आवडेल, तर चांगली गोष्ट सांगणाऱ्यांना इतकी पसंती मिळाली की चांगलं अन्न मिळवून आणणारेही त्यांच्या मागे पडले, आणि ज्या वस्त्यांमध्ये असे गोष्टीवाले जास्त होते तिथली माणसं एकमेकांशी वाटून घ्यायला जास्त तयार होती. आता गोष्टींमुळे माणसं चांगली वागतात की मुळात गुण्यागोविंदाने राहणाऱ्या वस्तीत गोष्टी रंगतात हे एका अभ्यासातून ठरवता येत नाही, पण रोज अन्न शोधायला लागणाऱ्या माणसांनी गोष्टीवाल्याला शेजारी म्हणून निवडावं यातच बरंच काही आलं.

ऐकणाऱ्याचं काम

गोष्ट ऐकणं म्हणजे गप्प बसणं असं आपल्याला उगाच वाटतं. खरं म्हणजे ऐकणारा सतत काहीतरी करत असतो, हुंकार देतो, "मग?" म्हणतो, पुढे सरकतो, हसायच्या आधीच हसायला लागतो, आणि सांगणारा हे सगळं बघत असतो. लोक कंटाळलेत असं दिसलं की राजवाड्याचं वर्णन आटोपतं घेतो, डोळे मोठे झालेले दिसले की राक्षसाला अजून थोडा वेळ दाराबाहेरच उभा ठेवतो. लेखकाला ही सोय नाही, त्याने पान लिहिलं तेव्हा वाचणारा समोर नव्हताच. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपला गुरू सॉक्रेटिसच्या तोंडी लिखाणाविरुद्ध हीच तक्रार घातलीय, लिहिलेल्या शब्दांना काही विचारायला जा, ते आपलं तेच ते परत सांगतात (आणि ही तक्रार आपल्यापर्यंत आली ती त्याने ती लिहून ठेवली म्हणून, हेही खरंच).

२०१० मध्ये उरी हॅसन हा मेंदूचा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. एका बाईंना मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या मशीनमध्ये झोपवून स्वतःच्या आयुष्यातला एक किस्सा सांगायला लावला, तयारी न करता, आणि ते रेकॉर्डिंग नंतर दुसऱ्यांना तसंच मशीनमध्ये ऐकवलं. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल सांगणारीच्या मेंदूतल्या हालचालीसारखी व्हायला लागली, बहुतेक जागी थोडी मागून, आणि काही जागी तर चक्क आधी, म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज बांधत, आणि हा अंदाज ज्यांचा जास्त जुळला त्यांना गोष्टही जास्त नीट समजली होती. रशियन न कळणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली तेव्हा हे काही झालं नाही. म्हणजे नुसता आवाज पुरत नाही, अर्थ लागला पाहिजे. आणि हे तर रेकॉर्डिंग होतं, तिथे चेहरा नव्हता, हात नव्हते, सांगणारीला ऐकणारे दिसत नव्हते, तरी एवढं झालं.

पाठांतर नव्हे

तोंडी गोष्टीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ती तोंडपाठ केलेली असते. हा समज मोडला तो मुख्यतः मिलमन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक आणि त्याचा मदतनीस अल्बर्ट लॉर्ड यांनी. पॅरीला होमर या प्राचीन ग्रीक महाकवीची कोडी सोडवायची होती, एवढी मोठी काव्यं लिहिता न येणारा माणूस रचेल कशी हा प्रश्न, तर त्याने ठरवलं की जिथे अजून असे गायक जिवंत आहेत तिथेच जाऊन बघू, आणि १९३३ ते १९३५ या काळात तो त्या वेळच्या युगोस्लाव्हियात फिरला. तिथे गुसले नावाच्या वाद्यावर लांबलचक वीरगाथा गाणारे लोक होते. त्यातला एक अव्दो मेजेदोविच, पेशाने खाटीक, लिहिता वाचता येत नव्हतं, त्याने १९३५ मध्ये सांगून लिहून घेतलेली एक गाथा १२,३११ ओळींची भरली.

पण मला त्याहून भारी वाटते ती दुसरी हकीकत. पॅरीने अव्दोला दुसऱ्या एका गायकाची गाथा ऐकवली जी अव्दोने आधी कधीच ऐकली नव्हती, दोन हजार तीनशेच्या आसपास ओळींची, आणि मग विचारलं आता तू गातोस का. अव्दो गायला. सहा हजारांवर ओळी झाल्या! गोष्ट तीच होती, पण घोडे सजले, माणसांच्या मनात काय चाललंय ते आलं, प्रसंग भरले. त्याच्याकडे तयार वाक्यखंड होते, ठेका होता, मेजवानी कशी सांगायची, सैन्य कसं जमवायचं याचे साचे होते, आणि त्यातून तो तिथल्या तिथे रचत होता. गंमत म्हणजे यातले काही गायक छातीठोक सांगायचे की आम्ही शब्द न् शब्द तसाच गातो, आणि रेकॉर्डिंग लावून बघितलं तर दोन वेळचं गाणं वेगळं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीने गोष्टीशी इमान राखणं म्हणजे शब्दाशी इमान नव्हतंच. लॉर्डने हे सगळं १९६० मध्ये पुस्तकात मांडलं आणि त्यानंतर होमरकडे बघायची अभ्यासकांची नजर बदलली.

मग गोष्ट बिघडत नाही का? बिघडते कधी कधी. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये छापलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत, उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची गोष्ट त्याने इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली, तर जे त्यांना ओळखीचं नव्हतं ते गळून पडलं किंवा बदललं, लांब होड्यांच्या साध्या बोटी झाल्या. पण एक फरक लक्षात घ्या, त्या लोकांना ती गोष्ट परकी होती आणि ती नीट सांगण्यावर त्यांचं काहीच अडलेलं नव्हतं.

जिथे अडलेलं असतं तिथे काय होतं त्याचं उदाहरण इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाचं. १९०७ मध्ये तिथे त्सुनामीत खूप माणसं गेली. जी वाचली त्यांनी 'स्मोंग' (त्सुनामीसाठीचा तिथला शब्द) या शब्दाभोवती गोष्ट आणि गाणी सांगायला सुरुवात केली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला तर काही घ्यायला थांबू नका, डोंगराकडे पळा. आजीने नातवंडांना सांगितलं, त्यांनी पुढे सांगितलं. २६ डिसेंबर २००४ ला भूकंप झाला तेव्हा बेट केंद्राच्या अगदी जवळ होतं, पहिल्या लाटा काही मिनिटांत आल्या, भोंगा वाजायचा प्रश्नच नव्हता. लोक "स्मोंग! स्मोंग!" ओरडत वर पळाले. सत्तर हजारांवर वस्ती, आणि मृतांची संख्या सात. ही आठवण काही दगडावर कोरलेली नव्हती, ९७ वर्षं ती संध्याकाळच्या गप्पांमध्ये, झोपवतानाच्या गाण्यांमध्ये राहिली होती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं वाचूच शकलो नव्हतो.

त्याहून लांबचे दावेही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर २१ ठिकाणच्या आदिवासी कथांमध्ये समुद्राने जमीन गिळल्याचं वर्णन येतं आणि पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या संशोधकांच्या मते त्या हिमयुगानंतर समुद्र वर चढला तेव्हाच्या, म्हणजे सात हजार वर्षांहून जुन्या आठवणी आहेत. सगळ्यांना हे पटत नाही.

आवाज उरला तर

आज ऑडिओबुक, पॉडकास्ट आहेत, माणसं प्रवासात, भांडी घासताना गोष्टी ऐकतात, आणि आवाजाची ओढ अजून आहे हे त्यातून दिसतं. मोरोक्कोतल्या माराकेश शहराच्या जामा अल-फना चौकात गोष्टीवाल्याभोवती लोक गोल करून उभे राहायची परंपरा आहे, युनेस्कोने २००१ मध्ये त्या चौकातल्या सगळ्या तोंडी परंपरांचा वारसा म्हणून गौरव केला. पण रेकॉर्डिंगमधल्या माणसाला तुमचा हुंकार ऐकू येत नाही. पॅरीने गोळा केलेल्या ॲल्युमिनियमच्या साडेतीन हजारांवर तबकड्या हार्वर्डमध्ये जपून ठेवल्यात, कोणत्याही वेळी लावा, गायक त्याच ठिकाणी श्वास घेतो.

लहान मुलाला मात्र न बदलणारी गोष्ट आणि समोर सांगणारा माणूस हे दोन्ही एकदम हवं असतं. रोज तीच गोष्ट, एक शब्द बदलला तरी "असं नाही!" म्हणून ते अडवतं, आणि तरी शेवट पाठ असताना दार उघडायच्या क्षणी रोज तितकंच घट्ट बिलगतं, आणि आपण थोडा वेळ थांबलो की अंधारातून आवाज येतो, "सांग ना, मग?"