वायरलेस ॲक्सेस पॉइंटची सुरक्षा

ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारे उपकरण) आणि त्याला जोडलेली उपकरणे यांच्यात हवेतून जाणारी माहिती कूटबद्ध करणे आणि परक्या उपकरणांना जोडणी नाकारणे, यासाठी केलेली व्यवस्था. वाय-फायची लहर भिंतीपाशी थांबत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात घर, यंत्रमागाची शेड आणि चादरींचे दुकान खेटूनच असते; तिथे एकाचे नेटवर्क दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसणे रोजचेच.

वाय-फाय सुरक्षेची १९९७ची डब्ल्यूईपी पद्धत २००१मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी दाखवलेल्या दोषामुळे निकालात निघाली. २००३ची डब्ल्यूपीए ही तात्पुरती मलमपट्टी होती. २००४ची डब्ल्यूपीए२ एईएस ही मजबूत कूटलेखन पद्धत वापरते आणि अजूनही सर्वाधिक दिसते. २०१८मध्ये डब्ल्यूपीए३ आली.

डब्ल्यूपीए२ची खरी दुबळी बाजू पासवर्ड हीच आहे. तो ८ ते ६३ अक्षरांचा असतो. त्यात नेटवर्कचे नाव मिसळून ४,०९६ फेऱ्यांनी कूटलेखनाची किल्ली तयार होते. जोडणीच्या वेळचे चार संदेश कुणी टिपले, तर तो घरी बसून निवांत अंदाज लावू शकतो. दुकानदार मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवतात, आणि तो पाटीवरही रंगवलेला असतो! पाटी नसली तरी भारतीय मोबाइल नंबर ६ ते ९ने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचे काम. डब्ल्यूपीए३मध्ये प्रत्येक अंदाजासाठी ॲक्सेस पॉइंटशी प्रत्यक्ष बोलावे लागते, त्यामुळे ही पळवाट बंद होते.

ॲक्सेस पॉइंटची मांडणी (सेटिंग) ब्राउझरमधून होते. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नक्की तो उपकरणाच्या तळाच्या लेबलवर. आधी ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदलावा, फर्मवेअर (उपकरणातले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे, मग डब्ल्यूपीए३ निवडावे. जुने प्रिंटर अडून बसले तर डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र पर्याय घ्यावा, टीकेआयपी (डब्ल्यूपीएची जुनी कूटलेखन पद्धत) मात्र नको. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी पिन किंवा बटणाने जोडणीची सोय) बंद ठेवावे: त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११मध्ये उघड झाले. नेटवर्कचे नाव लपवणे आणि मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांच्या मॅक पत्त्यांनाच जोडणी देणे) यांनी फक्त समाधान मिळते, कारण नाव आणि मॅक पत्ते दोन्ही हवेत उघड्याच फिरतात.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला पाहुणे आले, की चहाआधी पासवर्ड मागितला जातो. त्यांच्यासाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवावे आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र), बिलिंगचा संगणक त्यापासून दूर मुख्य नेटवर्कवर राहू द्यावेत.