घरची रोजरी (बेळगाव-खानापूर भाग)

घरची रोजरी म्हणजे कॅथलिक कुटुंबानं संध्याकाळी आपल्याच घरात, आल्तारासमोर (घरातल्या देव्हाऱ्यासमोर) एकत्र बसून म्हटलेली जपमाळ. कोकणी घरं हिला तेर्स म्हणतात, मराठी घरांत रोजरी नाहीतर जपमाळ. बेळगाव कॅम्पापासून खानापूर-नंदगडापर्यंत अशी घरं भेटतात जिथं आज्जी कोकणीत सुरू करते, सून मराठीत उत्तर देते आणि कॉन्व्हेंटला जाणारी पोरं इंग्लिशमध्ये, आणि कुणाला त्यात वेगळं काही वाटत नाही. हिला फादर लागत नाहीत, चर्च लागत नाही, पाठ असेल तर पुस्तकही लागत नाही. म्हणूनच कुटुंब कसं चालावं हे शिकवणारी भक्ती म्हणून हिचं नाव पहिलं घ्यावं लागतं.

बेळगाव धर्मप्रांत (एका बिशपांच्या देखरेखीखालचा चर्चचा भाग) १९ सप्टेंबर १९५३ ला झाला. त्याआधी इथला बराच भाग गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता, त्यामुळं घरातल्या भक्तीवर गोव्याची छाप अजून दिसते. कॅम्पातलं कॅथेड्रल फातिमा मातेच्या नावाचं आहे, आणि फातिमा म्हटलं की रोजरी आलीच. १९१७ मध्ये पोर्तुगालातल्या फातिमा गावी मरियामातेनं, म्हणजे येशूच्या आईनं, तीन लहान मुलांना रोज रोजरी म्हणायला सांगितलं अशी श्रद्धा आहे, हे तिघं मेंढरं राखणारी पोरं होती, मोठं कुणी नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं.

पद्धत सोपी आहे. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, प्रत्येक दशकात एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मरिया ही मातेची प्रार्थना, एकदा पित्याचा-पुत्राचा गौरव, आणि त्या वेळी येशूच्या नाहीतर मरियेच्या जीवनातलं एक रहस्य, म्हणजे एक प्रसंग, मनात धरायचं. सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली, त्यामुळं जुनी माणसं अजूनही गुरुवारी अडखळतात. सगळं मिळून वीस मिनिटं, लितानी (मातेची नावं घेत केलेली विनवणी) म्हटली तर थोडं जास्त.

खरी गंमत आहे ती पाळीत. प्रार्थनेचा अर्धा भाग पुढं म्हणणारा म्हणतो, उरलेला अर्धा बाकीचे, आणि दशक बदललं की पुढं म्हणणाराही बदलतो. म्हणजे सात वर्षांची पोरगी पुढं म्हणते आणि सत्तर वर्षांचा आज्जा तिच्यामागून म्हणतो, ती चुकली तर थांबून सांभाळून घेतो. दिवसभर त्या घरात कुणाचंही चालत असो, या वीस मिनिटांत सगळ्यांचा आवाज सारखा. बोलणाऱ्यानं बोलायचं आणि ऐकणाऱ्यानं वाट बघून मगच उत्तर द्यायचं, ही सवय रोज लागली की ती जेवणाच्या ताटावर आणि भांडणातही थोडीफार उतरते. माझ्या मते घरच्या रोजरीचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि म्हणून एकट्या आईनं देव्हाऱ्यापुढं म्हणायची आणि बाकीच्यांनी टीव्ही बघायचा, हे चालू देऊ नये. बापानं गुडघे टेकलेले पोरांनी बघितले पाहिजेत.

शेवटी आशीर्वाद. लहानांनी हात जोडून मोठ्यांपुढं जायचं, वयानं मोठ्यापासून सुरुवात, आणि ते कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढतात, कोकणी घरांत याला बेसांव म्हणतात. सकाळी गाडीच्या चावीवरून बापाशी वाजलं, दिवसभर अबोला, आणि रात्री तोच पोरगा मान खाली घालून बापापुढं उभा राहतो कारण रांग चुकवता येत नाही, बाप काही न बोलता कपाळावर बोट फिरवतो आणि मग आई ताटं वाढायला घेते. सॉरी कुणीच म्हणत नाही पण भांडण तिथं बरंच निवळलेलं असतं.

आनंदाची रहस्यं तर संसाराचीच आहेत. मरिया गरोदर असूनही डोंगराळ मुलखात म्हाताऱ्या नातलग एलिझाबेथकडं जाते आणि सुमारे तीन महिने राहते, हे आपल्याकडं बाळंतपणाला माणूस जातं त्याच मायेचं. पाचव्या रहस्यात बारा वर्षांचा येशू जेरुसलेमात मागं राहतो, आईबाप तीन दिवस शोधतात, सापडल्यावर आई विचारते की बाळा, असं का केलंस, आणि त्यानं दिलेलं उत्तर दोघांनाही कळत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात हे सरळ लिहिलंय. पवित्र कुटुंबातसुद्धा मुलाचं बोलणं आईबापांना समजलं नाही, पण तो त्यांच्याबरोबर घरी गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. वयात आलेली पोरं असलेल्या घरात या रहस्यावर थोडं जास्त थांबावं. आणि मरियेचा नवरा योसेफ, चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही, जे करायचं ते उठून करतो.

चर्चची शिकवणही याच दिशेची. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं, आणि आईबाप हेच मुलांना श्रद्धा सांगणारे पहिले, असं स्पष्ट केलं. त्याआधी १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी घराघरात रोजरी म्हणण्यावर जोर दिला होता. आयरिश फादर पॅट्रिक पेटन यांनी तर १९४२ पासून सगळं आयुष्य याच कामाला दिलं, एकत्र प्रार्थना करणारं कुटुंब एकत्र राहतं हे वाक्य त्यांच्याच मोहिमेनं जगभर नेलं. जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये लितानीत कुटुंबांची राणी हे नाव घातलं, आणि २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्थलांतरितांचा दिलासा हेही. आखातात, पुण्यात, गोव्यात माणसं गेलेल्या आपल्या भागातल्या घरांना हे दुसरं नाव लगेच आपलं वाटतं. अशी घरं आता व्हिडिओ कॉलवर रोजरी म्हणतात, आवाज मागंपुढं होतो पण चालतं, तिकडच्या माणसाला एक दशक ठेवलेलं असतं.

ऑक्टोबर हा रोजरीचा महिना (७ ऑक्टोबरला सण), तेव्हा वॉर्डातली घरं एकत्र येतात, मातेची मूर्ती रोज एका घरातून दुसऱ्या घरात जाते, आणि म्हणून झालं की उकडलेले चणे नाहीतर चहा-बिस्किट. मे महिनाही मातेचाच. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या तीन डिसेंबरच्या सणाला इथून जुन्या गोव्याला चालत जाणारे भाविकही वाटेत रोजरी म्हणतात.

एक गोष्ट मात्र जपावी, रोजरीची शिक्षा करू नये. मार्क कमी पडले म्हणून जादा दशक, झोप आली म्हणून ओरडा, किंवा शेवटी इतक्या जादा प्रार्थना जोडायच्या की जेवण गार होतं, असं झालं की पोरं मोठी झाल्यावर पहिली हीच सोडतात. नवीन लग्न झालेल्यांनी, दुकान-ड्युटीवाल्यांनी पाचाचा हट्ट धरू नये, एक दशक म्हणावं, चार-पाच मिनिटं लागतात, पण दोघांनी मिळून आणि ठरलेल्या वेळी म्हणावं, बाकीची चार दशकं पोरं झाल्यावर वाढवता येतात.